मग म्हातारी भोपळ्यात का बसली?

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या पालक-मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



"मुलांच्या गोष्टी" या विषयावर बोला, असे मंडळाने मला सांगितले तेव्हा विषय फार गोड वाटला. नंतर अध्यक्षांनी हळूच खरे कारण सांगितले. यंदा आपल्या मुलांच्या नाटुकल्यात एक चेटकीण आहे आणि एक राक्षस आहे. तालमी सुरू झाल्यावर तीन-चार पालकांनी कळवले की ही पात्रे काढून टाकावीत, लहान मुले घाबरतात, रात्री झोपत नाहीत. दुसऱ्या काही पालकांनी सांगितले की राक्षस काढला तर नाटकात उरते काय? तेव्हा "ताई, तुम्ही चौदा वर्षे रविवारी सकाळी आमच्या मुलांना गोष्टी सांगता, तुम्हीच काय ते बोला," असा आदेश झाला. थोडक्यात सांगायचे तर राक्षसाचे वकीलपत्र माझ्याकडे आले आहे.

आपण राहतो त्या गावाचे नावच मुळी महिषासुरावरून पडले आहे. चामुंडी टेकडीवर तो उभा आहे. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात नाग, झुपकेदार मिशा आणि भडक रंगाचा पोशाख. देवीच्या दर्शनाला रांग असते आणि महिषासुरासमोर फोटोला गर्दी असते. कधी तिथे पाच मिनिटे उभे राहून मुलांकडे पाहा. तीन वर्षांचे मूल त्याला पाहून आईच्या पदरात तोंड लपवते. पाच वर्षांचे मूल डोळ्यांवर हात ठेवते, पण बोटांच्या फटीतून पाहते. आठ वर्षांचे मूल त्याच्यासमोर त्याच्यासारखीच तलवार उगारून उभे राहते आणि म्हणते, काढा फोटो! मूल भीतीतून कसे पुढे जाते ते या तिघांकडे पाहून कळते. महिषासुराला तिथून हलवला असता तर पहिले मूल पदरातच राहिले असते.

बाप्पाचीच गोष्ट

आपण ज्याच्यासमोर बसलो आहोत त्याच्यापासूनच सुरुवात करू. आई अंघोळीला गेली, मुलाला दारावर बसवले. बाप आला, मुलाने अडवले, बापाने रागाच्या भरात त्याचे मस्तक उडवले. मग हत्तीचे मस्तक आणून त्या धडावर बसवले. कोणत्याही भयपटाला लाजवील अशी ही कथा, आणि आपण ती तीन वर्षांच्या मुलाला मोदक भरवता भरवता सांगतो! मुले दचकत नाहीत का? दचकतात. माझ्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच, "बाबांनी त्याला ओळखलं कसं नाही?" एकदा पहिलीतल्या एका मुलीने विचारले, "आणि हत्तीच्या आईला काय वाटलं असेल?" मी पन्नास वर्षे ही कथा ऐकते आहे, पण हत्तीच्या आईचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

ही गोष्ट मुलांना पचते, कारण ती मस्तक उडते तिथे थांबत नाही. आई हट्ट धरते, बापाला आपली चूक सुधारावी लागते, आणि मेलेले मूल उठते ते सगळ्या देवांच्या आधी पूजेचा मान घेऊन उठते.

श्रावणातल्या कहाण्या आठवा. नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्ले मरतात. नागीण रात्री येऊन त्याच्या घरातल्या सर्वांना डसते. एक लेक सासरी असते, म्हणून वाचते. नागीण तिलाही मारायला निघते. तिकडे लेक पाटावर नाग-नागीण काढून त्यांची पूजा करत असते, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवत असते. नागीण विरघळते, अमृत देते, आणि लेक माहेरी येऊन सगळ्यांना उठवते. आपल्या आज्यांनी ही कहाणी हातात तांदळाचे दाणे घेऊन ऐकली. शेजारी आपल्या आया परकर सावरत बसलेल्या होत्या. त्यांना कोणी "हे मुलांसाठी योग्य नाही" म्हणून बाहेर पाठवले नाही.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी येते श्रियाळ षष्ठी. चिलया बाळाची कथा जुन्या बायका ओव्यांतून गात. शिवशंकर अतिथीच्या वेषात येतात आणि श्रियाळ राजाकडे त्याच्या मुलाचेच मांस मागतात. चांगुणा मुलाचे शिर तेवढे पाहायला म्हणून लपवून ठेवते, तर अतिथी तेही उखळात कांडायला लावतात, आणि वर अट अशी की डोळ्यांत पाणी येता कामा नये. शेवटी पाहुणा म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मार. चांगुणा हाक मारते आणि चिलया धावत येतो. कन्नड मित्रांना ही कथा परकी वाटणार नाही. तुमच्याकडे तो सिरियाळ आहे, त्याची पत्नी चंगळे आणि बाळ चीलाळ. तमिळ शैव संतांमध्ये तोच सिरुत्तोंडर. नावेसुद्धा बहिणी-बहिणी असल्यासारखी आहेत. तीन भाषांतल्या आयांनी ही भयंकर कथा शतकानुशतके सांभाळली. मी स्वतः ती दहा वर्षांच्या आतल्या मुलांना सांगत नाही, कारण त्यात आईचाच हात उखळावर आहे आणि त्या वयाला आई हाच आधार असतो. गोष्टीला वय असते हे मला मान्यच आहे. पण न सांगणे वेगळे आणि नवव्या वर्षी झाकून ठेवलेली गोष्ट बाराव्या वर्षी उघडणे वेगळे.

साहेबाच्या देशात

आपल्याला वाटते की परीकथा म्हणजे गुलाबी झगा आणि चांदीची छडी. फ्रान्समध्ये पेरो यांनी १६९७ साली लाल टोपीवालीची गोष्ट छापली तेव्हा लांडग्याने तिला खाल्ले आणि गोष्ट तिथेच संपली. लांडग्याचे पोट फाडून आजी आणि नात बाहेर येतात हा भाग जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या पुस्तकात आला. त्यांचा पहिला खंड १८१२ सालचा. त्यात हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलला दुष्काळात जंगलात सोडून द्यायला सांगणारी आईही पुढे १८४० मध्ये सावत्र झाली. मुले खाटीक-खाटीक खेळतात अशी एक गोष्ट पहिल्या आवृत्तीत होती, ती दुसऱ्या आवृत्तीतून काढूनच टाकली.

म्हणजे पालकांच्या तक्रारी दोनशे वर्षांपूर्वीही होत्या! पण ग्रिम बंधूंनी काय काढले आणि काय ठेवले ते पाहण्यासारखे आहे. आईचा क्रूरपणा त्यांनी सावत्र आईकडे सरकवला. चेटकीण मात्र ठेवली, तिची भट्टी ठेवली, आणि ग्रेटेल तिला त्याच भट्टीत ढकलते तेही ठेवले. आज इंग्रजीत मुलांसाठी या जुन्या कथा पुन्हा अंधाऱ्या रंगात लिहिण्याची लाट आली आहे. नील गेमन यांचे 'कोरलाइन' २००२ साली आले, २००९ मध्ये त्यावर चित्रपट झाला. त्यात एका मुलीला भिंतीतल्या दारापलीकडे दुसरी आई भेटते. सगळे लाड करणारी, पण डोळ्यांच्या जागी बटणे असलेली. आपल्याला यात नवल काय? विषारी दूध पाजायला आलेली पूतना आपण कृष्णाच्या पाळण्यापासून ऐकत आलो आहोत.

या पुस्तकाबद्दल लेखकाने सांगितलेली एक हकीकत मला फार आवडते. मुलांसाठी हे फार भयंकर आहे असे त्यांच्या एजंटबाईंना वाटले. शेवटी त्यांच्या लहान मुलीला वाचून दाखवायचे ठरले. ती घाबरली नाही, म्हणून पुस्तक मुलांसाठी निघाले. मुलगी मोठी झाल्यावर तिने कबूल केले की ती चांगलीच घाबरली होती, पण तसे सांगितले असते तर पुढे काय झाले ते कळले नसते! मुलाला भीतीपेक्षा "मग पुढे काय?" हे अधिक मोठे असते. आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला "हं" म्हणावे लागते. तो हुंकार थांबला तर समजावे की मूल झोपले किंवा खरेच घाबरले. गोष्ट सांगणाऱ्याचा कान त्या हुंकारावर असतो.

धाक आणि गोष्ट

ज्या पालकांनी तक्रार केली त्यांचे मन मला कळते. त्यांच्यापैकी एका आईने मला सांगितले, "आमच्या लहानपणी सारखं भोकाडी येईल, बागुलबुवा येईल, असं सांगायचे. मला अजूनही अंधारात जिना उतरवत नाही. माझ्या मुलाला मला ते द्यायचं नाही." या बाईंचे शंभर टक्के बरोबर आहे. फक्त त्यांना ज्याने त्रास झाला ती गोष्ट नव्हती, तो धाक होता. दोन्हीत राक्षस असतो म्हणून आपण दोन्हींना एकच समजतो.

बागुलबुवाची गोष्ट कोणी सांगू शकेल का? तो कुठे राहतो, त्याला काय आवडते, तो कशाने हरतो? कोणालाच माहीत नाही. त्याला रूप नाही आणि शेवट नाही. तो फक्त "जेव, नाहीतर" आणि "झोप, नाहीतर" या वाक्यांच्या शेपटीला बांधलेला असतो. आणि त्याला बोलावणारे कोण? ज्यांच्या कुशीत मुलाने पळत यायचे तेच आईवडील. चेटकिणीचे तसे नाही. तिला नाव असते, घर असते, खोड असते, कुठे तरी पोपटात किंवा डबीत ठेवलेला प्राण असतो. तिचा शेवट असतो आणि तो शेवट बहुधा एखाद्या लहान, दुबळ्या, पण डोके चालवणाऱ्या पोराच्या हातून होतो. धाकाने मूल गप्प होते. गोष्टीने मूल प्रश्न विचारू लागते.

आता या भाषणाच्या नावाबद्दल. आमच्या रविवारच्या वर्गात एका पालकांनी प्रेमाने एक सुंदर रंगीत पुस्तक आणून दिले. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट, पण सुधारलेली. त्यात वाघ म्हातारीला खायला मागतच नाही. तो म्हणतो, आजी, माझ्याशी मैत्री कर, आणि सगळे मिळून लाडू खातात. चित्रे फारच छान. वाचून झाल्यावर एक साडेपाच वर्षांचा मुलगा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "मग म्हातारी भोपळ्यात का बसली?"

मंडळी, मला वाटते या प्रश्नाला उत्तर नाही. वाघाचे दात काढले की भोपळ्याची गरज संपते, म्हातारीची हुशारी संपते, रस्त्याने टुणटुण जाण्यातली गंमत संपते. उरतात ते लाडू. गोष्टीतला वाघ आपण मुलाच्या भल्यासाठी काढतो, आणि त्याच्याबरोबर वाघातून सुटायची युक्तीही काढून घेतो.

चेटकीण रंगमंचावर येते

मराठीत हे ज्यांनी उत्तम ओळखले त्यांचे नाव रत्नाकर मतकरी. १९५९ साली सुधा करमरकर यांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने लिटल थिएटर सुरू केले, त्याचे पहिले नाटक मतकरींचे 'मधुमंजिरी'. पुढे १९६२ मध्ये मतकरींनी स्वतःची बालनाट्य संस्था काढली. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' ही नाटके पाहून मुंबई-पुण्याच्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अशी रंगवली की आजही साठीतली माणसे तिचा आवाज काढून दाखवतात. २०१८ साली हे नाटक पुन्हा आले, वैभव मांगले चेटकीण झाले, आणि मोबाईल घेऊन वाढलेल्या मुलांनी थिएटरे भरली.

मतकरींची दुसरी ओळख मोठ्यांना अधिक आहे. ते मराठीतले अव्वल गूढकथाकार. रात्री दिवा मालवायला हात धजू नये अशा त्यांच्या कथा. एकाच लेखणीतून या दोन गोष्टी कशा आल्या? माझ्या समजुतीने त्यांना दोन्हींतला फरक नेमका ठाऊक होता. मोठ्यांच्या भयकथेत शेवटी दार उघडे राहते, तिथेच तिची गंमत असते. मुलांच्या नाटकात शेवटी दार बंद होते, चेटकीण फजीत होते, आणि मूल टाळ्या वाजवत घरी जाते. चेटकीण तीच, शेवट वेगळा. २०२० मध्ये मतकरी करोनाने गेले तेव्हा भयकथेचे वाचक हळहळले आणि एके काळची मुलेही हळहळली.

आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढचे सगळे 'चांदोबा' वाचून मोठे झाले. तेच मासिक इकडे कन्नडमध्ये 'चंदमामा' म्हणून घरोघर येत असे, मराठीत १९५२ पासून. त्यातले विक्रम-वेताळाचे चित्र आठवा. स्मशान, घुबडे, कवट्या, हातात तलवार आणि राजाच्या खांद्यावर प्रेत. चित्रकार शंकर यांचे ते चित्र पाहून छातीत धस्स होई, आणि तरीही अंक हातात पडला की पहिले पान तेच उघडले जाई. का? कारण तो वेताळ प्रश्न विचारत असे. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकले होतील, आणि बोललास तर मी झाडावर परत जाईन! स्मशानात, प्रेत खांद्यावर असतानासुद्धा माणसाने न्याय काय, अन्याय काय याचा विचार सोडू नये, हे नऊ वर्षांच्या पोराला यापेक्षा चांगले कोण शिकवील?

दोन वाघ

आपल्या म्हैसूरच्या मराठी मुलांचे एक भाग्य आहे. त्यांना दोन वाघ मिळतात.

घरी आजीकडून मिळतो तो भोपळ्याच्या गोष्टीतला. म्हातारी वाघाला म्हणते, आता माझ्या अंगावर मांस नाही, लेकीकडे जाते, चांगली जाडजूड होऊन येते, मग खा. शाळेत मिळतो तो पुण्यकोटी गाईचा. कर्नाटकातल्या प्रत्येक मुलाला ते 'गोविन हाडु' ठाऊक असते. तिथेही अर्भुत वाघ गाईला अडवतो. तीही म्हणते, आता सोड, वासराला पाजून येते. इथपर्यंत दोन्ही गोष्टी सारख्या आहेत. पुढे म्हातारी भोपळ्यात बसून वाघाला चकवते. पुण्यकोटी मात्र वासराला पाजते, त्याला इतर गाईंच्या हवाली करते, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे खरोखर वाघासमोर येऊन उभी राहते. वाघच लाजतो, तिला बहीण मानतो आणि कड्यावरून उडी टाकून प्राण देतो.

दोन्ही गोष्टी मी वर्गात एकापाठोपाठ सांगते आणि विचारते, कोण बरोबर? वर्गात जी भांडणे होतात ती ऐकायला तुम्ही एकदा या. एक म्हणतो, पुण्यकोटीने परत जायलाच नको होते, वासराचे काय झाले असते? दुसरी म्हणते, पण तिने शब्द दिला होता. एक मुलगा म्हणाला, "वाघ चांगला असेल तर खरं बोलायचं, वाईट असेल तर भोपळा." मी म्हटले, वाघ चांगला की वाईट हे आधी कसे कळणार? तो अजून विचार करतो आहे. मलाही त्याचे उत्तर ठाऊक नाही. पण जीव धोक्यात असताना खरे बोलावे की युक्ती करावी, हा प्रश्न सात वर्षांची मुले मराठीत भांडून सोडवू पाहतात, तेव्हा माझा रविवार सार्थकी लागतो. आणि ही भांडणे वाघ खराखुरा खाणारा आहे म्हणूनच होतात.

"नंतर ये" हे उत्तर इथल्या मोठ्यांनीही दिले आहे. १९९० च्या दशकात बेंगळुरूकडे एक अफवा पसरली होती. रात्री एक भूत ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडले की संपले. लोकांनी दारांवर लिहून ठेवले, "नाळे बा", म्हणजे उद्या ये. रोज ते वाचून भूत परत जाणार! पुढे २०१८ च्या 'स्त्री' या हिंदी चित्रपटाने हीच कल्पना वापरली. भोपळ्यातली म्हातारी हे पाहून खूश झाली असती. ज्या भीतीला शेवट नव्हता तिला लोकांनी निदान रोजची एक युक्ती शोधली.

मोबाईलमधला चेहरा

आता आजचे बोलू. आमच्या ओळखीच्या एका घरातला सात वर्षांचा मुलगा तीन आठवडे एकटा न्हाणीघरात जाईना. आधी वाटले, कोणीतरी भुताची गोष्ट सांगितली. चौकशी केली तर कळले, शाळेच्या बसमध्ये एका मोठ्या मुलाने मोबाईलवर काहीतरी दाखवले होते. शांत खोली, आणि एकदम पडदाभर एक विद्रूप चेहरा. बस, एवढेच. दहा सेकंद. गोष्ट नाही, कारण नाही, शेवट नाही. हा आजचा बागुलबुवा, फक्त त्याला आता चेहरा आहे.

त्याच्या आजीने काय केले ते सांगण्यासारखे आहे. तिने "तसलं काही नसतं" असे म्हटले नाही. तिने त्याच्याकडून तो चेहरा कागदावर काढून घेतला. मग विचारले, याचे नाव काय? राहतो कुठे? खातो काय? चार दिवस दोघांनी मिळून गोष्ट रचली. शेवटी त्या चेहऱ्याने अधाशीपणाने कढत बिसीबेळे भात खाल्ला, त्याची जीभ पोळली, आणि तो बोंबलत चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्या चढून पळाला. मुलगा न्हाणीघरात जाऊ लागला. आजी काही मानसशास्त्र शिकलेली नव्हती. ज्या भीतीला शेवट नव्हता तिला तिने शेवट दिला.

यातली आणखी एक गोष्ट माझ्या मनाला लागली. ही गोष्ट त्यांनी मराठीत रचली. आपली मुले रस्त्यावर कन्नड बोलतात, शाळेत इंग्रजी, कार्टून हिंदीत पाहतात. घरात त्यांच्या कानावर पडणारी मराठी कोणती? जेव, झोप, आवर, अभ्यास कर, उशीर होतोय. मी एका आठवड्यात माझ्याच घरातली वाक्ये मोजली नाहीत, पण मोजली तर निम्म्याहून अधिक हुकूमच निघतील. थरार इंग्रजीत, विनोद हिंदीत, मैत्री कन्नडमध्ये, आणि मराठी फक्त हुकमाची, अशी वाटणी झाली तर ती भाषा मूल मोठेपणी कशाला जवळ ठेवील? ज्या भाषेत अंगावर काटा आला, ज्या भाषेत "मग पुढे काय?" म्हणून श्वास रोखला, ती भाषा माणूस विसरत नाही. राक्षसाची बाजू मी घेते आहे, त्याचे निम्मे कारण हे आहे.

मग काय करावे?

चौदा वर्षांत जे उपयोगी पडले तेवढेच सांगते. गोष्ट तोंडाने सांगा, जवळ बसून सांगा. मूल घाबरले तर आवाज बदलता येतो, वाघाला शिंक आणता येते, मोबाईलला ते येत नाही. मुलाने "पुरे" म्हटले तर थांबा, पण "उद्या वाघाचं काय झालं ते सांगते" असे म्हणून थांबा, आणि उद्या खरेच सांगा. अर्धी सोडलेली गोष्ट सगळ्यात जास्त घाबरवते. गोष्टीतला राक्षस शिस्तीसाठी वापरू नका. "जेवला नाहीस तर चेटकीण येईल" म्हटले की चेटकिणीचा बागुलबुवा झाला. आणि मूल रात्री पुन्हा तीच गोष्ट मागते तेव्हा कंटाळू नका. ते त्या भीतीतून परत परत ये-जा करून वाट पक्की करत असते.

आता आपल्या नाटुकल्याविषयी. माझी मंडळाला विनंती आहे की चेटकीण आणि राक्षस दोघेही राहू द्यावेत. बालवाडीतल्या मुलांना तालमीच्या वेळी एकदा रंगपटात न्या, चेटकिणीला काजळ लावताना आणि नाक चिकटवताना पाहू द्या. प्रयोगाच्या वेळी त्यांना पुढच्या सतरंजीवर एकटी न बसवता आईबाबांच्या मांडीवर बसवा. ज्यांना नको वाटेल त्यांना प्रसादाच्या मंडपात खेळू द्या, त्यात कमीपणा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे, दरवर्षी आपला कार्यक्रम लांबतो, दहा वाजता माईक बंद करावा लागतो, आणि मुलांच्या नाटकाचा शेवट उरकला जातो. यंदा वेळ कमी पडला तर पाहुण्यांचे भाषण कापा, आभारप्रदर्शन कापा, माझे भाषण तर खुशाल कापा. चेटकीण हरते तो प्रवेश मात्र पूर्ण होऊ द्या. घाबरवून मुलांना घरी पाठवायचा अधिकार आपल्याला नाही.

शेवटी इथलीच एक गोष्ट. ए. के. रामानुजन १९२९ साली आपल्या म्हैसूरात जन्मले. घरातल्या बायकांनी स्वयंपाकघरात सांगितलेल्या कथा त्यांनी जगापुढे नेल्या. त्यांनी नोंदवलेल्या एका कन्नड कथेत एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणे येत असते, पण ती ते कोणालाच सांगत नाही. आत कोंडून कोंडून दोघे गुदमरतात. एके दुपारी ती तोंड उघडे ठेवून झोपलेली असताना ते बाहेर पडतात. गोष्टीचे होतात जोडे, गाण्याचा होतो पुरुषाचा कोट. नवरा घरी येतो, दारात परके जोडे, खुंटीवर परका कोट! संशय, भांडण, आणि तो रुसून मारुतीच्या देवळात जाऊन झोपतो. रात्री गावातल्या दिव्यांच्या ज्योती तिथे गप्पा मारायला जमतात, त्यांच्या बोलण्यातून त्याला खरा प्रकार कळतो. तो घरी येऊन बायकोला विचारतो, तुझी ती गोष्ट कोणती? ती म्हणते, कोणती गोष्ट? ती विसरून गेलेली असते.

आपल्या प्रत्येकाच्या पोटात आजीने दिलेली एक तरी भीतीची गोष्ट आहे. कोकणातली असेल, देशावरची असेल, बेळगावकडची असेल. ती विसरण्याआधी या उत्सवात एखाद्या रात्री मुलांना जवळ घेऊन सांगा. दिवा थोडा मंद करा. हुंकाराकडे कान ठेवा. आणि शेवट नक्की सांगा.



गणपती बाप्पा मोरया!